पोस्टग्रेसच्या सोर्समधे लिस्ट कॉपी करताय? आधी किती हवीय ते बघा

पोस्टग्रेस या डेटाबेसच्या सी कोडमधे पहिल्यांदा हात घातला की दोन गोष्टी पानोपानी भेटतात, एक पॅलॉक (मेमरी मागून घेणारं फंक्शन) आणि दुसरी लिस्ट. टार्गेट लिस्ट, रेंज टेबल, पाथकीज, स्कीमाची नावं, सगळंच लिस्ट. आणि लिस्ट आली की कुठेतरी लिस्ट_कॉपी येतेच, कारण नवीन माणूस घाबरलेला असतो, मूळ लिस्टला धक्का लागला तर काय घ्या, म्हणून आधी कॉपी मारून ठेवतो. मीही हेच करायचो. वाईट काही नाही त्यात, पण बऱ्याच वेळा ती कॉपी गरजेपेक्षा मोठी असते, किंवा मुळात नकोच असते, आणि सगळ्यात डेंजर प्रकार म्हणजे हवी असते खोल, म्हणजे आतल्या मालासकट, आणि आपण करतो वरवरची. या तिन्हीवर काय करायचं ते सांगतो.

फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, तुम्ही कोडमधे अर्थातच इंग्रजीत, अंडरस्कोरसकट टाईप करा. सगळा माल दोनच फाईलींमधे आहे, पीजी_लिस्ट डॉट एच हा हेडर आणि बॅकएंडच्या नोड्स फोल्डरमधली लिस्ट डॉट सी. लिस्ट डॉट सी एकदा निवांत चहा घेऊन वाचाच, कमेंट्स इतक्या चांगल्या आहेत की अर्धं काम तिथेच होतं.

आधी थोडं मागचं, कारण त्याशिवाय जुना कोड असा का लिहिलाय ते कळत नाही. बर्कलीत सुरुवातीच्या काळात पोस्टग्रेसचा काही भाग लिस्प भाषेत होता, म्हणून आजही एनआयएल (म्हणजे रिकामी लिस्ट), एलकॉन्स, एलफर्स्ट अशी नावं टिकून आहेत. लिस्ट म्हणजे तेव्हा खरोखरची साखळी होती, प्रत्येक सेल वेगळा अलोकेट केलेला, त्यात एक व्हॅल्यू आणि पुढच्याचा पत्ता. २००४ मधे ८.० च्या कामात त्याला वर एक वेगळा हेडर बसवला, लांबी वगैरे ठेवायला, पण आत साखळीच. मग जुलै २०१९ मधे पोस्टग्रेसचे डेव्हलपर टॉम लेन यांनी सगळं उलटून टाकलं आणि लिस्ट म्हणजे वाढणारा अ‍ॅरे केला, ते २०२० च्या व्हर्जन १३ मधे बाहेर आलं. साखळी होती तेव्हा एन सेलची कॉपी म्हणजे एन वेळा पॅलॉक, आता एक पॅलॉक आणि एक मेमकॉपी (मेमरीचा सलग तुकडा एकदम उतरवणं). म्हणजे कॉपी आधीच खूप स्वस्त झालीय हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचा, उगाच प्रत्येक लिस्ट_कॉपीच्या मागे लागू नका.

आता या अ‍ॅरेवाल्या लिस्टची मांडणी. ६४ बिट मशीनवर हेडरला २४ बाईट लागतात (टाईप, लांबी, कमाल लांबी, मधे ४ बाईटची पॅडिंग आणि एलिमेंट्सचा पॉइंटर), म्हणजे ८ बाईटचे ३ सेल हेडरनेच खाल्ले. नवीन लिस्ट बनवताना कोड काय करतो, तुम्ही मागितलेले सेल अधिक हे ३, आणि ते वर उचलून दोनच्या घातापर्यंत नेतो, कमीत कमी ८. म्हणून सगळ्यात छोटी लिस्टसुद्धा ६४ बाईटची आणि त्यात ५ जागा. ६ वा सेल हवा असेल तर १२८ बाईट आणि १३ जागा, मग २५६ बाईट आणि २९ जागा, असं चढत जातं. हे ५, १३, २९ आकडे डोक्यात असू द्या, पुढे लागतील.

आता मुद्द्यावर. जुन्या सोर्समधे जा आणि गिट ग्रेप करून ही जोडी शोधा:

लिस्ट_ट्रंकेट(लिस्ट_कॉपी(जुनी), एन)

अर्थ सरळ आहे, पहिले एन एलिमेंट हवेत पण मूळ लिस्टला हात लावायचा नाही. आणि होतं काय, आधी अख्ख्या लिस्टची कॉपी आणि मग लगेच शेपूट तोडलं. म्हणजे शंभर पानी फाईलची झेरॉक्स काढायची, पैसे द्यायचे, आणि पहिली तीन पानं ठेवून बाकीची दुकानदाराच्याच कचऱ्यात टाकायची. इथे तर त्याहून वाईट, कारण कचऱ्यातही जात नाही. लिस्ट_ट्रंकेट उघडून बघा, ते फक्त लांबीचा आकडा बदलतं, मेमरी काही परत करत नाही. १०० एलिमेंटची लिस्ट घ्या: १०० अधिक ३ म्हणजे १०३, वर उचलून १२८ सेल, म्हणजे १०२४ बाईट अलोकेट आणि ८०० बाईट कॉपी. तुम्हाला हवे होते ३ एलिमेंट. नुसते ३ उचलले असते तर २४ बाईटची कॉपी आणि ६४ बाईटचा तुकडा. बाकीची जागा मेमरी कॉन्टेक्स्ट (एकत्रच रिकामा होणारा मेमरीचा गठ्ठा) रिसेट होईपर्यंत तशीच अडकून पडते.

यावर उपाय म्हणजे लिस्ट_कॉपी_हेड. दोन आर्ग्युमेंट, लिस्ट आणि किती हवेत. जुलै २०२२ मधे पोस्टग्रेसचेच डेव्हलपर डेव्हिड रॉली यांनी ते घातलं, आणि याची गोष्ट गमतीची आहे, ग्रुप बायच्या कॉलमचा स्वस्त क्रम शोधणारं एक फंक्शन होतं, ते साफसूफ करताना हे त्यांना सुचलं. तो ग्रुप बायचा अख्खा बदल पुढे त्याच वर्षी मागे घेतला गेला, पण साफसफाईत निघालेलं हे छोटं फंक्शन मात्र राहिलं. लगेच दुसऱ्या पॅचमधे त्यांनी सोर्समधल्या कॉपी करून तोडणाऱ्या बऱ्याच जागा याने बदलल्या, ते व्हर्जन १६ मधे आलं.

बदल करताना भीती हीच की वागणूक कुठे बदलत तर नाही ना. नाही बदलत, कडेच्या केसेस मी बसून तपासल्यात. एन शून्य किंवा ऋण असेल तर दोन्हीकडे एनआयएल परत येतं. एन लांबीपेक्षा जास्त असेल तर ट्रंकेट काहीच करत नाही आणि हेडवालं दोघांतला लहान आकडा घेतं, म्हणजे दोन्हीकडे पूर्ण कॉपी. लिस्ट मुळातच एनआयएल असेल तर एनआयएल. एकच फरक पडतो तो चांगला आहे, एन शून्य असताना जुना प्रकार अख्खी कॉपी बनवायचा आणि ती न सोडताच एनआयएल द्यायचा, म्हणजे फुकटचा लीक, नवीन प्रकार पहिल्याच ओळीत परत फिरतो. त्यामुळे ही बदली डोळे झाकून नाही पण अर्धे मिटून तरी करता येते.

आता हे ऐकून लगेच सगळीकडे वेग वाढणार असं समजू नका. ऑब्जेक्टअ‍ॅड्रेस डॉट सी मधलं उदाहरण घ्या, कॉमेंट ऑन कॉलम दिलं की स्कीमा, टेबल, कॉलम अशी नावांची लिस्ट येते, शेवटचं नाव कॉलमचं म्हणून बाजूला काढायचं आणि उरलेलं टेबलचं नाव. पूर्वी तिथे हे होतं:

रेलनेम = लिस्ट_ट्रंकेट(लिस्ट_कॉपी(ऑब्जेक्ट), लिस्ट_लेंथ(ऑब्जेक्ट) - १);

ते असं झालं:

रेलनेम = लिस्ट_कॉपी_हेड(ऑब्जेक्ट, लिस्ट_लेंथ(ऑब्जेक्ट) - १);

नावं जास्तीत जास्त चार. चाराची कॉपी पण ६४ बाईट, तिनाची पण ६४ बाईट, वाचलं काय तर ८ बाईटची मेमकॉपी. इथला फायदा म्हणजे वाचणाऱ्याला एका नजरेत कळतं काय चाललंय, बस. खरा फायदा जिथे लिस्ट लांब आहे आणि वरचं थोडंसंच हवंय, किंवा हे प्लॅनरच्या (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) आतल्या लूपमधे हजारो वेळा होतंय तिथे. पॅचच्या कमिट मेसेजमधे वेग वाढला असं लिहायच्या आधी हे बघा, नाहीतर कोणीतरी विचारणारच की किती वाढला.

आणि एक जागा आहे जिथे ट्रंकेटच बरोबर आहे, तिथे हुशारी करायला जाऊ नका. जॉइनपाथ डॉट सी मधे मर्ज जॉइनचे पाथ (क्वेरी चालवायचे संभाव्य मार्ग) बनवताना प्लॅनर आतल्या टेबलच्या सॉर्ट कीज घेतो आणि आधी सगळ्या कीज, मग एक कमी, मग अजून एक कमी असं करत करत बघतो की आधीच तेवढ्या क्रमाने लावलेला स्वस्त पाथ मिळतोय का. तिथे लूपच्या बाहेर एकदाच कॉपी केलीय आणि आत प्रत्येक फेरीला ट्रंकेट. ती कॉपी सुद्धा जर खरंच तोडायची वेळ येणार असेल तरच, नाहीतर मूळचीच लिस्ट वापरली आहे. आता इथे जर कोणी उत्साहात प्रत्येक फेरीला लिस्ट_कॉपी_हेड टाकलं तर एका कॉपीच्या जागी दहा कॉप्या होतील. म्हणजे ग्रेपमधे जोडी एकाच ओळीत दिसली तर बदला, दोघं वेगवेगळ्या ओळीत असतील तर मधे काय चाललंय ते वाचून मगच.

शेवटचे काही हवे असतील तर लिस्ट_कॉपी_टेल आहेच, ते फार जुनं आहे. पण माझा अनुभव असा की टेल कॉपी करणारे बहुतेक लोक नंतर त्या लिस्टवर फक्त फोरईच हा लूप फिरवतात. पहिला एलिमेंट वेगळा हाताळायचा आणि दुसऱ्यापासून लूप, एवढंच. त्यासाठी कॉपी कशाला लागते, फॉर_ईच_फ्रॉम नावाचा मॅक्रो आहे, त्याला कितव्यापासून ते सांगायचं (मोजणी शून्यापासून बरं का), आणि तो तिथून पुढे चालायला लागतो. शून्य बाईट कॉपी. आणि जर फक्त तिसरा किंवा शेवटचा एलिमेंट हवा असेल तर लिस्ट_एनटीएच आणि एललास्ट, अ‍ॅरे असल्यामुळे दोन्ही एका झटक्यात होतात, साखळीच्या काळात लिस्ट_एनटीएच म्हणजे पहिल्यापासून चालत जाणं होतं म्हणून लोक टाळायचे, आता टाळायचं कारण नाही.

दोन लिस्ट जोडायचा प्रकार घ्या. जुन्या एक्स्टेन्शनमधे (पोस्टग्रेसला बाहेरून जोडायचा कोड) हमखास दिसतं:

लिस्ट_कॉन्कॅट(अ, लिस्ट_कॉपी(ब))

हे का लिहायचे ते सांगतो. साखळी होती तेव्हा कॉन्कॅट म्हणजे अ च्या शेपटाला ब चं डोकं बांधणं, म्हणजे नंतर दोन्ही लिस्टचे सेल सामाईक, एकाला छेडलं की दुसऱ्याचं वाटोळं. म्हणून ब ची कॉपी मारून देणं शहाणपणाचं होतं. १३ पासून कॉन्कॅट ब मधले सेल अ च्या अ‍ॅरेत उतरवूनच घेतं, त्यामुळे आतली ती लिस्ट_कॉपी म्हणजे निव्वळ दुहेरी काम, काढून टाका. दुसरा प्रकार याच्या उलट, लिस्ट_कॉन्कॅट(लिस्ट_कॉपी(अ), ब), इथे अ ला धक्का लावायचा नाहीये म्हणून कॉपी बरोबर आहे, पण आधी अ च्या मापाची लिस्ट बनते आणि मग ब मावला नाही की ती वाढवावी लागते. आणि वाढवताना गंमत अशी की पहिल्या वेळी हेडरसोबत मिळालेली जागा सोडता येत नाही, ती एकाच तुकड्यात असते ना, म्हणून नवीन वेगळा अ‍ॅरे घेतला जातो आणि जुनी जागा तशीच रिकामी बसून राहते. याच्यासाठी ऑगस्ट २०१९ मधे लिस्ट_कॉन्कॅट_कॉपी आणलं, ते सुरुवातीलाच दोघांच्या बेरजेच्या मापाची लिस्ट बनवतं आणि दोन मेमकॉपी करून मोकळं होतं. साधी बदली, फायदा नक्की.

तीच गोष्ट एलअपेंड(लिस्ट_कॉपी(अ), नवा) याची, एलअपेंड म्हणजे शेवटी एक एलिमेंट घालणं. अ मधे नेमके ५ किंवा १३ किंवा २९ एलिमेंट असले तर कॉपी काठोकाठ भरलेली येते, आणि पुढच्याच एलअपेंडला वेगळा अ‍ॅरे. बाकी लांब्यांना जागा शिल्लक असते. यावर उपाय करायचा का? खरं सांगायचं तर नाही, सोडून द्या, प्रोफाईलमधे ठळक दिसलं तरच. मी एकदा यासाठी अर्धा दिवस घालवलाय आणि हाताला काही लागलं नाही.

पण ही कॉपी काढून मात्र टाकू नका हं. दोन व्हेरिएबल एकाच लिस्टकडे बघत असतील आणि एकावर एलअपेंड केलं तर दुसऱ्यालाही लांबी वाढलेली दिसते, कारण हेडर एकच. ज्या लिस्टमधे भर घालायची किंवा काढायची आहे आणि ती दुसरं कोणी धरून बसलंय, तिथे कॉपी लागतेच. नुसती वाचायची असेल, लूप फिरवायचा असेल, किंवा ती लिस्ट तुम्हीच आत्ता दोन ओळी वर बनवली असेल आणि तिचा दुसरा मालक नसेल, तर नको. कॉपी हवी का नको याचं उत्तर बहुतेक वेळा या एवढ्याच प्रश्नात असतं, की हिला बदलणार कोण आणि धरून बसलंय कोण.

लिस्टच्या डोक्याकडून खाणाऱ्या कोडबद्दल एक शब्द, कॉपीचाच भाऊ आहे तो. लिस्ट_डिलीट_फर्स्ट साखळीच्या काळात फुकट होतं, आता पहिला काढला की मागचे सगळे एक घर पुढे सरकवावे लागतात. रांगेसारखी लिस्ट वापरून व्हाईल लूपमधे पहिला काढत बसलात तर एन एलिमेंटला एन वर्ग काम. पोस्टग्रेसच्या स्वतःच्या कोडमधेही हे राहून गेलं होतं, चेकपॉइंटनंतर फाईली डिलीट करायच्या कामात, नोव्हेंबर २०२१ मधे ते सुधारलं आणि एकदम पहिले एन काढणारं लिस्ट_डिलीट_फर्स्ट_एन आलं. तुम्हाला क्रमाशी देणंघेणं नसेल तर मागून काढा, लिस्ट_डिलीट_लास्ट, ते फक्त लांबी कमी करतं. तसंच पुढे घालणारं एलकॉन्स महाग आणि मागे घालणारं एलअपेंड स्वस्त.

आता तो डेंजर प्रकार. लिस्ट_कॉपी ही वरवरची कॉपी आहे, सेलमधले पॉइंटर कॉपी होतात, पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो ते नाही. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं आणि तरी सगळे एकदा पडतातच. माझी पडायची गोष्ट अशी, तेव्हाच्या कंपनीत एका एक्स्टेन्शनमधे युटिलिटी कमांडचा हुक (कमांड चालायच्या आधी मधे घुसणारा आपला कोड) लिहिला होता, ड्रॉप टेबल आलं की टेबलच्या नावामागे प्रत्येक ग्राहकाचा एक प्रिफिक्स लावायचा. ड्रॉपच्या स्टेटमेंटमधे ऑब्जेक्ट्स नावाची लिस्ट असते, आणि तिचा प्रत्येक एलिमेंट म्हणजे पुन्हा नावांची लिस्ट, स्कीमा आणि टेबल. मी बाहेरच्या लिस्टची लिस्ट_कॉपी केली, समाधानाने आतल्या स्ट्रिंगमधे प्रिफिक्स लावला, टेस्ट पास, सगळं छान. पण ती कमांड प्रत्यक्षात एका पीएल पीजीएसक्यूएल (पोस्टग्रेसमधे फंक्शन लिहायची भाषा) फंक्शनमधून यायची, आणि तिथे स्टेटमेंटचं झाड कॅशमधे ठेवलेलं असतं. पहिल्या वेळी बरोबर टेबल उडालं. त्याच सेशनमधे दुसऱ्या वेळी आतली स्ट्रिंग आधीच बदललेली, त्यावर परत प्रिफिक्स, तिसऱ्या वेळी तिबार. आणि कमांड होती इफ एक्झिस्ट्सवाली, त्यामुळे एरर पण नाही, नुसती नोटीस की असं टेबल नाही, पुढे चला. तात्पुरती टेबलं साठत गेली आणि डिस्क भरल्यावर आम्हाला कळलं. शनिवारी रात्री, अजून काय.

तर नियम असा की लिस्टची रचना बदलायची असेल, म्हणजे घालणं, काढणं, क्रम बदलणं, तर लिस्ट_कॉपी. आतल्या नोडमधे (पॉइंटर ज्याच्याकडे बोट दाखवतो त्यात) काही बदलायचं असेल तर कॉपीऑब्जेक्ट किंवा लिस्ट_कॉपी_डीप. लिस्ट_कॉपी_डीप फक्त पॉइंटरच्या लिस्टला चालतं, पूर्णांकांच्या किंवा ओआयडीच्या (पोस्टग्रेसचे आतले ओळख क्रमांक) लिस्टला देऊ नका, तिथे लिस्ट_कॉपी हीच पूर्ण कॉपी आहे कारण व्हॅल्यू सेलमधेच बसलेली असते. आणि फ्री करताना पण हेच उलटं, वरवरची कॉपी केली असेल आणि लिस्ट_फ्री_डीप मारलं तर मूळ लिस्टचे नोड तुम्ही दुसऱ्याच्या पायाखालून काढून घेतलेत.

पण खोल कॉपी महाग असते, अख्खं झाड चालून जातं, त्यामुळे ती पण नेमकीच. युटिलिटी हुकमधे व्हर्जन १४ पासून रीडओन्लीट्री नावाचा एक बूलियन मिळतो. तो खरा असेल तर झाड दुसऱ्याचं आहे, हात लावायच्या आधी कॉपीऑब्जेक्ट करा. खोटा असेल तर झाड तुमचंच, बिनधास्त बदला. आणि हा भाग लोक विसरतात, एकदा तुम्ही कॉपी केलीत की पुढच्या हुकला किंवा स्टँडर्ड फंक्शनला देताना तो बूलियन खोटा करून द्या, नाहीतर स्टँडर्डवालं बिचारं परत एकदा अख्ख्या झाडाची कॉपी काढतं. एका शब्दाच्या बदलात एक खोल कॉपी वाचते, लिस्ट_कॉपी_हेडच्या शंभर बदलांपेक्षा जास्त.

मेमरी कॉन्टेक्स्ट. कॉपी केलेली लिस्ट चालू कॉन्टेक्स्टमधे जन्माला येते, मूळ लिस्ट कुठे होती याच्याशी तिला मतलब नाही. पण एलअपेंडने लिस्ट वाढली तर वाढीव अ‍ॅरे मात्र त्या लिस्टच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टमधे घेतला जातो. म्हणून जास्त काळ टिकणारी लिस्ट हवी असेल तर आधी कॉन्टेक्स्ट बदला, मग कॉपी करा, मग परत या. कधी कधी कॉपी करण्याचं कारण एवढंच असतं, बदल करायचा नसतोच, फक्त लिस्टला छोट्या आयुष्याच्या कॉन्टेक्स्टमधून मोठ्या आयुष्याच्या कॉन्टेक्स्टमधे न्यायचं असतं. अशी कॉपी बघून कोणी ही तर फालतू आहे म्हणून काढली की क्रॅश. आणि लक्षात घ्या, पॉइंटरची लिस्ट असेल तर इथेही वरवरची कॉपी पुरत नाही, आतले नोड जुन्याच घरात राहतात आणि ते घर पाडलं जाणार असतं.

मोजायचं कसं. अ‍ॅसर्ट चालू असलेल्या बिल्डवर मोजू नका, तिथे जवळपास प्रत्येक लिस्ट ऑपरेशनला तपासणी होते आणि आकडे खोटे येतात. साधा ओ २ वाला (कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू असलेला) बिल्ड घ्या. प्लॅनरमधला बदल असेल तर बऱ्याच जॉइनची एक क्वेरी लिहा, तिच्यापुढे एक्स्प्लेन लावा म्हणजे फक्त प्लॅनिंग होतं, एक्झिक्यूट होत नाही, आणि ती फाईल पीजीबेंचला (क्वेरी परत परत चालवून वेग मोजणारं टूल) देऊन मिनिटभर पळवा, बदलाआधी आणि नंतर, चारपाच वेळा आलटून पालटून. सोबत पर्फ हा प्रोफाईलर लावून ठेवा, लिस्टची फंक्शनं आणि अलोकेशनवालं किती वर दिसतात ते बघा. टेबलं वाढवताना जॉइन_कोलॅप्स_लिमिट मूळचं ८ असतं आणि १२ टेबलांपासून जेनेटिकवाला प्लॅनर येतो हे विसरू नका, नाहीतर तुम्ही भलतंच मोजत बसाल. व्हर्जन १७ पासून एक्स्प्लेनला मेमरी हा ऑप्शन आहे, प्लॅनरने किती मेमरी वापरली आणि किती अलोकेट केली ते किलोबाईटमधे सांगतो, कॉपी कमी केल्याचा परिणाम वेळेत दिसला नाही तरी तिथे कधी कधी दिसतो.

आणि चूक पकडायला, वेगळा बिल्ड. अ‍ॅसर्ट चालू, आणि कंपाईल करताना डीबग_लिस्ट_मेमरी_यूसेज हा मॅक्रो डिफाईन करा (पूर्ण कॅपिटलमधे). तो लावला की लिस्टमधे काही घातलं किंवा काढलं की सगळे सेल मुद्दाम नव्या जागी हलवले जातात, म्हणजे कोणी जुन्या सेलचा पॉइंटर धरून बसलं असेल तर तिथल्या तिथे फुटतं, प्रॉडक्शनमधे सहा महिन्यांनी नाही. ट्रंकेटला मात्र हे हलवणं लागू नाही, तिथे सेल जागचे हलत नाहीत. म्हणजे जुन्या ट्रंकेटच्या कोडमधे लिस्टसेलचा पॉइंटर राखून पुढे वापरला असेल तर तो चालायचा, आता कॉपी_हेडने लिस्टच वेगळी आली की तो पॉइंटर जुन्याच लिस्टकडे बघत राहील. बदलाच्या वरखाली वीस ओळी वाचून घ्या, असं काही आहे का. व्हॅल्ग्रिंडसाठी (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) यूझ_व्हॅल्ग्रिंड डिफाईन करून बिल्ड केलंत तर हा मॅक्रो आपोआप चालू असतो, वेळ खूप घेतो पण रात्री लावून झोपा. मग मेक चेक (पोस्टग्रेसच्या स्वतःच्या टेस्ट), आणि पॅच पाठवायच्या आधी मेक चेक-वर्ल्ड.

कंपायलरच्या वॉर्निंगकडेही बघा. व्हर्जन १६ पासून लिस्टच्या बऱ्याच फंक्शनवर खूण केलेली आहे की परत आलेली व्हॅल्यू वापरली नाही तर ओरड. नुसतं एलअपेंड(अ, क्ष) लिहून पुढे जाणारे खूप आहेत, अ एनआयएल नसेल तोवर चालतंही, एनआयएल असला की एलिमेंट गायब.

एक्स्टेन्शन लिहिणाऱ्यांसाठी राहिलं. तुम्हाला चारपाच व्हर्जन सांभाळायची असतात, आणि जुन्या हेडरमधे लिस्ट_कॉपी_हेड नसेल. आधी ज्या ज्या ब्रँचला सपोर्ट देताय त्यातल्या पीजी_लिस्ट डॉट एच मधे ग्रेप करा, मग व्हर्जन नंबरची अट लावून जुन्यांसाठी स्वतःचं छोटं स्टॅटिक फंक्शन लिहा. आतमधे लिस्ट बनवणारं न्यू_लिस्ट वापरायचा मोह होईल, पण ते लिस्ट डॉट सी च्या आत स्टॅटिक आहे, बाहेरून मिळत नाही. त्यामुळे जुन्या व्हर्जनवर निमूटपणे तीच ट्रंकेट आणि कॉपीची जोडी आत लपवा, एका जागी तरी राहील. आणि त्या फंक्शनला नाव स्वतःच्या एक्स्टेन्शनचा प्रिफिक्स लावून द्या, नेमकं लिस्ट_कॉपी_हेड असं ठेवलंत आणि व्हर्जनची अट एका आकड्याने जरी चुकली तर नव्या हेडरमधल्या डिक्लरेशनशी टक्कर होऊन बिल्डच होणार नाही.